बांबूच्या भिंतीआड

अहो,

आज तुम्ही बेटावर आलात तेव्हा मी याच पाहुणघरात होते, बांबूच्या भिंतीआड. इथे सौरदिवे आहेत, अंघोळीला साठवलेलं पावसाचं पाणी आहे, पण लपायला जागा नाही. तुमचा आवाज ऐकला आणि मी भिंतीला चिकटून उभी राहिले.

"माझी बायको इथे आहे."

"इथे माझी धाकटी बहीण राहते," पाहुणघराच्या मालकीणबाई खोटंच म्हणाल्या आणि दारातून हलल्या नाहीत.

"तिच्या आईकडे बघतोच," म्हणत तुम्ही होडीत बसलात. तेव्हा मात्र मला राहवेना. मी धक्क्यावर धावले.

"मी इथे आहे! परत येणार नाही. आईच्या वाटेला जायचं नाही!"

तुम्ही उतरायला उठलात. मालकीणबाई माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. नावाड्याने तुमच्याकडे पाहिलं आणि होडी लोटली.

हे पत्र धाडणार नाही. सांगायचं ते तोंडावर सांगून झालंय.

मी