बाबांना झेपेल अशी किटली

४ नोव्हेंबर, मंगळवार

किटली! माझ्या डोक्याला एवढाच ताप व्हायचा राहिला होता.

दुपारी दादाचा फोन. मी इस्पितळात, निर्जंतुक करायच्या वाफेच्या यंत्रातून अवजारांचे गरम ट्रे काढत होते, एका हातात मोजा, दुसऱ्या हातात फोन. "मी तीस तारखेला येतोय. वीज नाही असं समजून बाबांनी माझ्यासमोर एकट्याने पाणी उकळून दाखवायचं. चहा करायचा, शेकायची पिशवी भरायची. जमलं तर राहू देत तिथे. नाही जमलं तर माझ्याकडे. अकरावा मजला आहे, पण लिफ्ट आहे, जनरेटर आहे." बाबांना त्याने आधीच विचारलंय म्हणे. बाबा म्हणाले, मंजूर! बापलेकांनी परस्पर ठरवून टाकलं. आता पाणी उकळायचं साधन कुणी शोधायचं? अर्थात मी.

गॅस दादानेच काढायला लावला, उन्हाळ्यात. बाबा दोनदा शेगडी चालू ठेवून बाहेर फाटकापाशी कुणाकुणाशी गप्पा मारत बसले होते. मग विजेची शेगडी आली. आणि गेल्या महिन्यातल्या वादळात वीज गेली ती चार दिवस. झाडं पडून बाबांच्या घराकडे वर चढणारा रस्ता बंद. तिसऱ्या दिवशी मी चालत पोचले तर बाबा दोन कोट घालून अंथरुणात. ओठ निळे. गोळ्या गार पाण्याबरोबर गिळत होते. "येईल गं लाइन, पोरं लागली असतील कामाला," म्हणाले. चाळीस वर्षं लाइनमन होते ते. असल्या वादळात खांबावर चढायला यांनाच बोलवायचे.

आई गेल्यापासून तिथे एकटेच आहेत. तिथून हलवलं तर वर्षभर टिकायचे नाहीत, असं मला वाटतं. दादाला वाटतं तिथेच ठेवलं तर टिकायचे नाहीत. पाय दुखताहेत. झोपते.

६ नोव्हेंबर, गुरुवार

ड्यूटीनंतर दुकानात गेले. तंबू, दोर, मासे पकडायचे गळ, असलं सामान विकणारं. दुकानदार एका पायाने लंगडतो. कुठल्याशा कड्यावरून पडला होता, ते त्याने मला न विचारता सांगितलं.

स्टोव्ह म्हटलं तर रॉकेल भरायचं, पिन मारायची. बाबांचा उजवा हात थरथरतो. छोटी गॅसची शेगडी म्हटलं तर पुन्हा गॅसच! मग त्याने फळीवरून ही किटली काढली. जुन्या बंबाचं पिल्लू अगदी. मधे धुराची नळी, भोवती पाणी, खाली वाटीएवढी चूल. मूठभर काड्या, कागद, पुठ्ठा, काहीही चालतं. वारा असला तर उलट बरंच. पाच मिनिटांत उकळी.

"आणि नंतर?" मी विचारलं.

"नंतर काय? काड्या संपल्या की विझते आपोआप."

आपोआप विझते! तिथेच माझं ठरलं. चालू राहिली, चालू राहिली म्हणून बोंब मारायला दादाला जागाच नाही.

पण प्रकार तीन. मोठी अॅल्युमिनियमची, मधली अॅल्युमिनियमची आणि लहान स्टीलची. मी त्याच्याकडून पाणी मागून घेतलं, एकेक भरली आणि हात लांब करून शंभरपर्यंत आकडे मोजले. दुकानदार बघत राहिला. मोठीला साठावरच हात खाली आला. स्टीलची लहान असून जड, आणि पाणी तीनच कप. मधली घेतली. हलकी आहे. चहा आणि पिशवी एका खेपेत होईल.

९ नोव्हेंबर, रविवार

फजिती झाली.

बाबांच्या मागच्या अंगणात प्रयोग. त्यांनी काड्या बोटभर लांबीच्या तोडून जाडीप्रमाणे तीन ढीग लावून ठेवले होते. आधी मी करून दाखवते म्हटलं. पाणी भरलं, बूच घट्ट लावलं, पेटवली. सांगितलेलं अगदी उलट! दुकानदार तीनदा म्हणाला होता, बूच फक्त नेताना लावायचं, पेटवताना काढून ठेवायचं, वाफेला वाट हवी. पण अठरा वर्षं माझा हात एकच शिकलाय. झाकण बंद, दांडा आवळ, मग वाफ. बंद केल्याशिवाय आमचं यंत्र सुरूच होत नाही.

बूच साखळीतून निसटून उडालं ते सरळ कपडे वाळत घालायच्या तारेवर. उकळतं पाणी माझ्या मनगटावर. बाबांनी मला नळाखाली नेलं, पाच मिनिटं हात धरून ठेवला, आणि मग जे हसायला लागले! "साहेब, आमच्याकडे आधी सप्लाय बंद, मग हात. तुमच्याकडे सगळं उलटंच दिसतंय." मला लहानपणापासून चिडवताना साहेब म्हणतात. मीही हसले. हात चुरचुरत होता तरी.

नंतर त्यांनी स्वतः केलं. ओतायची युक्ती त्यांनीच काढली. एका हाताने वरची कडी धरायची, दुसऱ्याने बुचाची साखळी ओढून किटली तिरकी करायची. दोन्ही हात कामाला लागले की थरथर कमी होते. थेंबही सांडला नाही. तो चहा मी दोन कप प्यायले.

१० नोव्हेंबर, सोमवार

इन-चार्ज बाईंनी मनगटाची पट्टी पाहिली. "वाफेने? तुला? हात दाखवून अवलक्षण!" दिवसभर सगळ्या विभागाला मीच विषय.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

वर जायचं होतं, गेले नाही. अंगात त्राणच नाही. बाबांचा फोन, "चार मिनिटं वीस सेकंद. घड्याळ लावून! तुझ्या भावाला सांग, अकराव्या मजल्यावर लिफ्टला याहून जास्त वेळ लागतो."

१६ नोव्हेंबर, रविवार

किटली गळते. खालचा सांधा अर्ध्यावर उकललाय. बाबा पायरीवर बसले होते, ती पुढ्यात घेऊन.

"गळका माल दिला तुला. मऊ बघून फसवतात लोक. बदलून आण."

मी बरं म्हटलं. कसं झालं ते विचारलं तर फाटकाकडे बघायला लागले. अंगण झाडून काढलं होतं. राखसुद्धा नव्हती.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

दुकानात जाऊन भांडले. इतकी भांडले की दोन गिऱ्हाइकं बाहेर निघून गेली. म्हातारी माणसं यावर अवलंबून असतात, तुम्हाला लाज कशी वाटत नाही, असं सगळं बोलले. महिनाभराचा शीण त्या लंगड्या माणसावर काढला.

तो शांत. किटली खिडकीपाशी नेली, आत बॅटरी मारली, मला बोलावलं. "बाई, हे बघा. आतला रंग. पाणी असतं तर असा निळा-काळा झाला नसता. ही रिकामी पेटवलीय."

चोराच्या उलट्या बोंबा म्हणजे मी. खाली बघत उभी राहिले.

त्याने मग मलाच स्टूल दिलं. "होतं असं. अॅल्युमिनियम ऐकून घेत नाही. स्टील एखाद्या वेळी सोसतं. रंग बदलेल, पण सांधा टिकेल." मग विचारलं, "वापरणारं कोण आहे?"

मी म्हटलं, मीच.

१९ नोव्हेंबर, बुधवार

दिवसभर तेच डोक्यात. ट्रे मोजताना दोनदा चुकले.

हलकी घेतली तर हाताला झेपते, विसरले तर फुटते. जड घेतली तर विसरणं सोसते, पण हाताला झेपेल का? साधा प्रश्न आहे. फक्त स्टीलची घेतली की मी मान्य केलं असं होतं. बाबा विसरतात. शेगडीच्या वेळी मी दादाशी भांडले होते, की गप्पांच्या नादात कुणीही विसरतं. पाणी न घालता पाणी उकळायला ठेवणं, यात गप्पा कुठे आल्या?

दादाला सांगायला हवं. नाही सांगणार. सांगितलं तर तो तीस तारखेची वाटही बघणार नाही, उद्याच गाडी घेऊन येईल. त्याला काय, त्याला बाबा म्हणजे एक काम आहे. केलं की यादीतून खोडायचं. दर सुट्टीला वर चढते ती मी.

२० नोव्हेंबर, गुरुवार

स्टीलची आणली.

२३ नोव्हेंबर, रविवार

बाबांना म्हटलं, दुकानदाराने चूक कबूल केली, बदलून दिली. तो प्रकार बंद झाला, आता हीच मिळते. खोटं बोलताना मी फार तपशील सांगते, हे मला बोलता बोलताच कळलं.

बाबांनी ती हातात तोलली. उलटी केली. नखाने वाजवली.

"जड आहे."

"टिकाऊ आहे, बाबा."

"हं. पाणी कमी. दोन खेपा कराव्या लागतील." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "स्टील का आणलंस, ते मला कळतं. मी काही येडा नाही."

मी काड्या तोडत बसले. तेही. ढीग झाल्यावर म्हणाले, "खांबावर चढायच्या आधी आम्ही मोठ्याने बोलायचो. सप्लाय बंद. अर्थिंग लावलं. पट्टा अडकवला. एकटा असलो तरी मोठ्याने. लोक हसायचे. पण माझ्या बरोबरचे तिघं गेले, मी उतरलो."

मग उठले आणि अंगणात मोठ्याने म्हणाले, "पाणी भरलं. बूच काढलं. आता काडी." आगकाडी ओढून पेटवली. असं तीनदा केलं. तिन्ही वेळा जमलं. चौथ्या वेळी "आता काडी" आधी म्हणाले, थांबले, माझ्याकडे बघितलं. ते बघणं मला सहन झालं नाही. मी आत जाऊन कप विसळले.

मला भीती वाटते. लिहून ठेवते, कारण कुणाला सांगता येत नाही. तिथे ठेवलं आणि काही झालं तर ते माझ्यामुळे. नेलं आणि ते खचले तर तेही माझ्यामुळेच.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

फोनवर म्हणाले, आज पाचपैकी चार. पाचव्याचं मी विचारलं नाही.

३० नोव्हेंबर, रविवार

झालं. पास!

मी पोचले तेव्हा अकरा वाजले होते. दादाची गाडी आधीच फाटकाशी. तासाभरापूर्वी आला म्हणे. पायरीवर हाताची घडी घालून बसला होता, परीक्षक! मला "ये" म्हणाला, बस्स. केस बरेच पांढरे झालेत त्याचे.

बाबांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. आतला मेन स्विच स्वतः पाडला. "सप्लाय बंद," असं दादाकडे बघून म्हणाले. मग अंगणात आले. क्षणभर नुसते उभे राहिले, डावा हात छातीशी धरून. मग म्हणाले, "पाणी भरलं," आणि खरंच भरलं. बूच काढलं. काडी. धूर, मग ज्वाळ, मग उकळीचा आवाज. साखळी ओढून ओतलं. चहा. दुसरी खेप, पिशवी. सगळं मिळून चौदा मिनिटं. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

मग बाबांनी मला कप दिला, आणि मला त्यांचा डावा तळहात दिसला. निळ्या पेनने, मोठ्या अक्षरांत, तीन ओळी. पाणी. बूच. काडी. घामाने शाई थोडी पसरली होती.

मी पटकन टॉवेल त्यांच्या हातात कोंबला. "हात पुसा, बाबा." दादाकडे बघितलं. तो खाली वाकून निखाऱ्यांवर पाणी शिंपडत होता. त्याने पाहिलं नाही.

"तुला काय वाटतं?" त्याने मला विचारलं, निघताना, गाडीपाशी.

"बघितलंस ना डोळ्यांनी."

"हं," म्हणाला. "राहू देत मग."

जिंकलो आम्ही. मग मला बरं का वाटत नाहीये?

१ डिसेंबर, सोमवार

राहवलं नाही. जेवणाच्या सुट्टीत दादाला फोन केला. म्हटलं, मी काल तुला फसवलं. बाबांच्या हातावर लिहिलेलं होतं.

तो म्हणाला, "तू यायच्या आधी त्यांनी एकदा करून दाखवलं मला. रिकामीच पेटवायला निघाले होते. मग आत जाऊन पेन शोधत बसले, आणि सापडल्यावर त्यांना धरवेना. रडकुंडीला आले गं." मग खालच्या आवाजात, "मीच लिहून दिलं."