बावीस तळव्यांचं वळण

७ नोव्हें., शुक्र.

टक्, टाक्, टाक्. टक्, टाक्, टाक्.

पहाटे या आवाजानं जाग आली. मास्तरांची सागवानी पट्टी मेजावर. लघु, गुरू, गुरू. देवळाच्या पडवीतली आमची मराठी शाळा, वर पोर्तुगिजांचं राज्य, आत आम्ही अकरा मुलगे, आणि गजांच्या पलीकडे माझी थोरली बहीण बाय, लुगडी वाळत घालायच्या निमित्तानं उभी. तिची शाळा चौथीत सुटली होती. भुजंगप्रयात वृत्त तिला माझ्याआधी आलं.

उठून पाहिलं तर न्हाणीतला नळ ठिबकत होता.

काल गुरुवार. जे झालं ते लिहावंसं वाटत नाही, म्हणूनच लिहितो. नेहमीसारखा पाळी गावाला, बायच्या सासरी गेलो. तिला सहा वर्षं दिसत नाही. दर गुरुवारी मी माझी शाळेतली कवितांची वही तिला वाचून दाखवतो. ओढ्यावरचा अरुंद साकव ओलांडला की तिची वाट. एका हाताला चिऱ्यांचा गडगा, दुसऱ्या हाताला व्हाळाचं पाणी, आणि तिच्या दारात वाट संपते. आजवर माझी मोटरसायकल पायांनी रेटत, पुढे-मागे करत फिरवायचो. काल पुढचं चाक गडग्याला टेकलं आणि मागे रेटायला गुडघ्यात जोर नाही. शेजारच्या चौघांनी गाडी उचलून फिरवली. नवऱ्या मुलाला घोड्यावर बसवावं तसं मला वर बसवलं. एकानं फोनवर टिपलं. सांजेपर्यंत ते पर्वरीला सुधीरपर्यंत पोचलं.

निघण्याआधी मी वाटेची रुंदी मोजली. तळव्याला तळवा लावून. बावीस.

८ नोव्हें., शनि.

सुधीरचा फोन. पोटचा मुलगा, पण आवाज मामलेदाराचा.

"बाबा, पुरे आता. म्हापशाचा एक माणूस आहे. तीस तारखेला, रविवारी, गाडी बघायला येईल."

"गाडी विकायची नाही."

"गुरुवारी टॅक्सी करून देतो."

"साकवावरून टॅक्सी जात नाही."

"मग पायलट करा." म्हणजे भाड्याच्या मोटरसायकलवर, मागे बसून. बेचाळीस वर्षं खाणीच्या काट्यावर ट्रकांची वजनं लिहिली, पाळीची खाण ते सर्वणचं घर याच गाडीवर आलो-गेलो, आणि आता पोत्यासारखा मागे?

शेवटी तो म्हणाला, "ठीक आहे. पाय न टेकता वळवून दाखवा. तेवढ्याच जागेत. तीनदा लागोपाठ. जमलं तर त्या माणसाला मी परत पाठवतो."

तो फोन ठेवण्याआधी मी ठेवला.

याला सायकल मीच शिकवली. देवळामागच्या मैदानात. तेव्हा हा 'बाबा, सोडू नका' म्हणून रडायचा.

९ नोव्हें., रवि.

तेच मैदान. आंघोळीच्या पाण्याच्या भाणीखाली जाळायला ठेवलेल्या करवंट्या पिशवीतून नेल्या, दोन रांगा मांडल्या, मध्ये बावीस तळवे. या रांगेतून त्या रांगेच्या आत वळायचं.

पा. टे. (पाय टेकला) नऊ वेळा. करवंट्या फुटल्या सहा. फुटताना आवाज असा होतो की देवळातली कबुतरं उडतात आणि भटजी बाहेर येऊन बघतात.

आज आंघोळीचं पाणी फुटक्या करवंट्यांवर तापवलं. जळतात त्याच.

१० नोव्हें., सोम.

पा. टे. ११. पुढे जाण्याऐवजी मागे चाललो आहे.

पिवळ्या मडगार्डची एक गाडी झाडाखाली थांबली. डिचोलीच्या स्टँडवरचा बाबलो पायलट, देवळात कुणाला तरी सोडून परतत होता. पन्नाशीचा. पानाची पुडी सोडत बराच वेळ बघत राहिला. मग,

"अप्पानु, गाडी फिरवतात काय देवाक प्रदक्षिणा घालतात?"

मी करवंट्या सरळ केल्या. तो उतरला, माझ्या गाडीवर बसला, आणि करवंट्यांच्या आत असा वळला की गाडी जणू जागच्या जागी कूस बदलत होती. दोनदा. तिसऱ्यांदा एका हातानं, दुसऱ्या हातात पान.

माझ्या चुका त्यानं सांगितल्या तशा उतरवून ठेवतो. क्लच पूर्ण सोडतो. अर्ध्यावर धरायला हवा, तिथे गाडी ना पळते ना मरते. पुढच्या ब्रेकला हात लावतो. वळणात फक्त मागचा, तोही पाय नुसता टेकवून. आणि खाली बघतो.

"चाकाकडे बघू नकात. चाक खय आसा तां चाकाक ठावक. तुमका खय जावचां आसा, थंय बघा."

हे वाक्य वहीत लाल शाईनं लिहावं असं.

उद्यापासून सकाळी सातला येईन म्हणाला. तुला काय द्यायचं विचारलं तर म्हणे, "कविता म्हणू नकात म्हणजे झाला." डिचोलीच्या स्टँडपर्यंत माझी कीर्ती आहे तर.

१२ नोव्हें., बुध.

मला माझी युक्ती सापडली. बाबलोला सांगितली नाही.

लघु: क्लच दाबला. गुरू, गुरू: हळूहळू अर्ध्यापर्यंत सोडला. पुन्हा. चार गणांत एक वळण पुरं. ओळही माझीच, बाराव्या वर्षी केलेली, बाय लग्न होऊन पाळीला गेली त्या दिवशी:

निघाली पहाटे नदीपार गाडी

बैलगाडी होती. मागच्या फळीवर तिची पत्र्याची ट्रंक. वहीच्या त्या पानावर ही एकच ओळ आहे. दुसरी कधी जमलीच नाही. गाडी नदीपार गेली ती गेली. तिला कवितेत परत आणायला मला यमक मिळालं नाही.

आज पा. टे. ५. भुजंगप्रयात म्हणजे सापाची चाल. सापाला कुठे पाय असतात टेकायला?

१३ नोव्हें., गुरु.

गेलो नाही. पुन्हा चौघांनी उचलायचं, ते नको. शेजारणीच्या फोनवर बायला सांगितलं, सर्दी झालीय.

"आराम कर," म्हणाली.

दुपार फार लांब होती.

१५ नोव्हें., शनि.

पा. टे. २. बाबलो म्हणाला, "अप्पानु, आता तुम्ही स्टँडार येवन नंबर लावा."

बाबलोला वाटतं त्याच्या शिकवण्यानं. वाटू दे.

१८ नोव्हें., मंगळ.

पडलो.

मैदानातच, गाडीसकट. इंजिनाच्या पुढच्या लोखंडी गार्डमुळे पाय वाचला. पोटरीला सायलेन्सरचा चटका, रुपयाएवढा. बाबलोनं कोरफड लावली.

कसं झालं? सगळं नीट चाललं होतं. नि-घा-ली, प-हा-टे, आणि अगदी अर्ध्या वळणावर, गाडी पूर्ण कललेली असताना, माझ्या हातानं आपसूक पुढचा ब्रेक दाबला. का दाबला ते बाबलोला कळेना. मला कळलं. सहाव्या अक्षरावर यति. तिथे थांबायचं असतं. साठ वर्षं थांबत आलो, तसा थांबलो.

त्याला समजावून सांगितलं. डोक्याला हात लावून बसला. "माणसा दारू पिवन पडतत. तुम्ही व्याकरण पिवन पडलात."

सुधीरला कळता कामा नये. बाबलोनं देवळाकडे हात करून शपथ घेतली.

१९ नोव्हें., बुध.

मैदानात गेलो. गाडीवर बसलो. इंजिन चालू केलं. बंद केलं. घरी आलो.

आज काही लिहायचं नाही.

२० नोव्हें., गुरु.

बायला फोन. सर्दी अजून आहे म्हटलं.

"सर्दी नाकात आसता रे. तुझ्या नाकाक काय झालेला नाय. म्हण बघू तुझी ती ओळ."

म्हटली. निघाली पहाटे... पुढे शब्दच येईना. पोटरी ठणकली.

"दत्तू, इतको कित्याक थांबतंस?"

"यति आहे तिथे."

"मास्तर काय सांगी होते? यति म्हणजे श्वास, मुक्काम न्हय. श्वास घेताना माणूस चालाचा थांबता काय?"

मास्तर असं म्हणाले होते? मी बाकावर होतो, मला आठवत नाही. ती गजाबाहेर होती, तिला आठवतं.

२१ नोव्हें., शुक्र.

बाबलो येण्याआधी साडेसहालाच गेलो. मैदानावर दव. अर्धा क्लच, मागच्या ब्रेकवर पाय नुसता ठेवलेला, मान पार उजव्या खांद्यावर, नजर देवळाच्या दीपमाळेवर. सहाव्या अक्षराला श्वास घेतला. गाडी चालत राहिली. दीपमाळ आपणहून समोर आली.

पा. टे. नाही.

पुन्हा केलं. पा. टे. नाही. तिसऱ्यांदा करवंटी फुटली, पण पाय वरच.

भटजींनी बाहेर येऊन प्रसादाचं केळं दिलं. कशाबद्दल ते त्यांनाही माहीत नसावं.

२५ नोव्हें., मंगळ.

पाच दिवसांचा हिशेब: लागोपाठ दोन रोज जमतात. तिसऱ्याला काहीतरी होतंच. बाबलोच्या मते दोन झाली की मी हसतो, म्हणून.

सुधीरनं विचारलं, कसं चाललंय? म्हटलं, तू ये आणि बघ. "गुडघा कसा आहे?" म्हटलं, गुडघा गाडी चालवत नाही.

त्याच्या जागी मी असतो तर मीही हेच केलं असतं. पण मी त्याच्या जागी नाही.

२७ नोव्हें., गुरु.

तिसरा गुरुवार. खोटं बोलायचा कंटाळा आला. बायला सगळं सांगून टाकलं: चौघांनी उचललं ते, म्हापशाचा माणूस, बावीस तळवे, करवंट्या, बाबलो, चटका. रविवारी दहाला सुधीर बघणार, तेही. नाही जमलं तर गाडी जाईल आणि गुरुवारही जाईल, हे मात्र जिभेवर आलं नाही. तिला कळलं असणार.

वाटलं होतं रागावेल, निदान हसेल तरी.

"कोण हो बाबलो? खय गावता?" एवढंच विचारलं. सांगितलं. मग म्हणाली, "बरा." फोन ठेवला.

बरं तर बरं.

२९ नोव्हें., शनि.

दोन. मग पा. टे.

पुन्हा दोन. मग पा. टे.

बाबलो म्हणाला आता बस, हात दमले. उद्या तो येणार नाही, दुसरं भाडं आहे. ऐन दिवशी. असो. माणसाला पोट आहे.

संध्याकाळी गाडी धुतली. टाकीवर एक जुनी चीर आहे, सुधीर चार वर्षांचा असताना त्यानं खिळ्यानं 'स' काढला होता तिथली. पुसताना फडकं तिथे अडकतं. म्हापशाच्या माणसानं विचारलं तर सांगणार नाही.

३० नोव्हें., रवि.

घाईत लिहितो आहे. चहा उकळेस्तोवर.

सुधीर साडेनऊलाच आला. गरम उंडे पाव घेऊन. पाववाला पोदेर अजून तसेच भाजतो. दोघांनी उभ्या उभ्या खाल्ले.

मैदानात करवंट्या त्यानं स्वतः मांडल्या. आपल्या पायानं मोजत. बावीस. त्याचा तळवा माझ्यापेक्षा मोठा. वाट चांगली दीड हातानं रुंद झाली. त्याला हे कळत होतं. खाली मान घालून मोजत होता.

"माझ्या पायानं मोज," म्हटलं.

"राहू दे ना बाबा."

"बायच्या दारात गडगा तुझ्या पायानं सरकणार नाही."

मीच मोजलं. करवंट्या आत आणल्या. हाताची घडी घालून तो दीपमाळेपाशी उभा राहिला. मला तिथेच बघायचं होतं, तेव्हा त्याच्या तोंडाकडे बघत वळलो. एक. पाय वर. परत रांगेत येऊन दुसऱ्यांदा. सहाव्या अक्षराला श्वास. दोन. पाय वर. सुधीरचे हात सुटले होते. तो असा उभा होता की जणू मीच सायकलवर आहे आणि त्यानं नुकतंच मागून सोडलं आहे.

हसलो नाही. मुद्दाम हसलो नाही. तिसऱ्यासाठी गाडी सरळ करतोय तोच घराच्या बाजूनं मोटरसायकलचा आवाज. येऊन थांबली.

"लवकर आला," सुधीर म्हणाला. म्हापशाचा माणूस. "बाबा, तिसरं..."

"थांबेल तो," म्हटलं. पण हॉर्न वाजला, पुन्हा वाजला, आणि दार उघडंच होतं, म्हणून दोघेही घराकडे आलो. मी गाडीवर, तो चालत.

अंगणात पिवळं मडगार्ड. बाबलो माझी नजर चुकवत म्हणाला, "माका बघू नकात. तिणीच फोन करून घेतलो. ह्यांच माझां भाडां."

उंबऱ्यावर बाय. डोळे गेल्यापासून जिनं साकव ओलांडला नाही, ती. काष्ट्याचं लुगडं, डोक्यावर बाबलोचं हेल्मेट, पट्टा हनुवटीखाली घट्ट. एक हात दाराच्या चौकटीवर. गाडीवर दोन्हीकडे पाय टाकून बसून आली म्हणे. काष्टा आहे तर कित्याक नको?

सुधीर पाया पडला. तिनं त्याच्या डोक्यावर हात फिरवला आणि विचारलं, "तूच काय रे गाडी विकतलो?"

त्यानं तिच्या हनुवटीखालचा पट्टा सोडवला.

"बाबल्या, तू जा," ती म्हणाली. "माझां परतीचां भाडां नाय." मग माझ्या इंजिनाचा आवाज जिकडून येत होता तिकडे तोंड केलं. इंजिन मी अजून बंद केलेलं नव्हतं.

"दत्तू, तुझ्या त्या पानावरची दुसरी ओळ सापडल्या माका. हय सांगूचय नाय. चाय पितंय, मगे माका घराक पोचव. माझ्या दारात गाडी फिरव, पाय टेकल्याशिवाय. मगे सांगतंय."