माळवदावरची माती

शुक्रवार, वैशाख

लातूर जिल्हा झाल्यापासून धाकट्या दिरांना घर नवं पाहिजे. आज पत्रेवाल्यालाच घेऊन आले. "वहिनी, माळवद पाडू, पत्रे टाकू."

मी खाऱ्या मातीची टोपली घेऊन शिडीवर होते. पावसाआधी दरसाल ही माती माळवदावर अंथरतो, म्हणजे घर गळत नाही.

दीर हसले. "दोन वर्षं थेंब न्हाई. गळणार काय? माती कशाला?"

खरंच, कशाला? रागच आला. माती टाकली नाही तर पाऊस येणार नाही हे मीच कबूल केल्यासारखं. ते मी करणार नाही.

टोपली त्यांच्याच हातात दिली. दीर चढले गुमान. पत्रेवाला मात्र आत गारव्याला बसला, तो उठायचं नाव घेईना.

माती चोपून झाली. आता गळायचं तर आभाळानं गळावं.