पावणेतीन मापाची वाचक

रविवार, ५ नोव्हेंबर २००६
शेगावला ग्रंथपालांचं शिबिर. विषय : वाचनालयांचं भविष्य. वक्ते पुण्याचे. म्हणाले, उद्याच्या वाचनालयाला भिंती नसतील. आपल्या आवाराची भिंत दोन वर्षांपूर्वीच पडली, म्हणजे एका बाबतीत आपण पुढेच आहोत. मी उभं राहून बारकोडवर प्रश्न विचारला. म्हणाले, उत्तम प्रश्न, चहानंतर घेऊ. चहानंतर त्यांची गाडी होती.

जानेवारीत तपासणी आहे. वाचकांची नोंद धड दिसली नाही तर मान्यता रद्द, असं स्पष्ट पत्र आलंय. मान्यता गेली की वाचनालयाला कुलूप आणि मी दिवसभर घरी. संकल्प : ३१ डिसेंबरच्या आत संपूर्ण संगणकीकरण. घरी बायकोला, रुख्मिणीला, सांगितलं. ती म्हणाली, पयलं पीठ दळून आणा.

गुरुवार, ९ नोव्हेंबर
कॉम्प्युटर आला! खामगावच्या एका बंद पडलेल्या क्लासमधला आहे, पण विकणारा म्हणाला आतून कोरा. अध्यक्ष उकंडराव यांनी नारळ फोडला आणि लाइट गेली. भारनियमन. भाषण काही लाइटवर चालत नाही, तेव्हा मी पाऊण तास बोललो. शेवटी एकटा भागवत उरला. त्याच्याकडे चार एकर बीटी कपाशी आहे, रोज पेपरात भाव पाहायला येतो. त्यानं विचारलं, याच्यात कापसाचा भाव दिसते काय? म्हटलं, हे ज्ञानासाठी आहे. म्हणाला, मंग काऊन आणलं बापा.

सोमवार, १३ नोव्हेंबर
ऐतिहासिक निर्णय. ताहेराबीची टोपली बंद.

ताहेराबी बांगड्या विकते. अकरा वर्षं झाली, टोपलीत बांगड्यांच्या खाली आपली पुस्तकं घालून घरोघरी नेते आणि जुनी परत आणते. लिहिता-वाचता येत नाही. पुस्तक ओळखते जिल्दीवरून, बाई ओळखते मनगटावरून, म्हणजे बांगडीच्या मापावरून. नाव विचारलं तर सांगत नाही, म्हणे घरच्या माणसांले कळू नये असं बायकाच म्हणतात. दर शनिवारी ती बोलायची आणि मी रजिस्टरात लिहायचो : सव्वादोन, लाल बांगड्या, निळ्या जिल्दीचं भूतवालं. अडीच, पिवळ्या, लोणच्याचं. हे तपासणीला दाखवायचं? लोक हसतील!

तिला नियम सांगितला. यापुढे प्रत्येक वाचकानं स्वतः यावं, कार्ड काढावं. ती म्हणाली, भाऊ, त्या खोलीत माणसं पेपर घेऊन लोळून राह्यतात, बायका कशा येतीन? मी म्हटलं, भविष्य कोणासाठी थांबत नाही. म्हणाली, बरं, तुमची मर्जी. सात पुस्तकं काढून ठेवली आणि गेली. थोडं वाईट वाटलं. पण शास्त्र म्हणजे शास्त्र.

बुधवार, १५ नोव्हेंबर
अकराही वर्षांची रजिस्टरं फुटाणेवाल्याला देऊन टाकली. टेबल मोकळं, डोकं मोकळं.

देण्याआधी सहज चाळली. एक वाचक अफाट आहे. पावणेतीन, हिरव्या बांगड्या. आठवड्याला तीन पुस्तकं, अकरा वर्षं, खंड नाही. कोण असावी? दवाखान्यातल्या नर्सबाई? हेडमास्तरांच्या मंडळी? अशा व्यक्तीशी दोन घटका साहित्यावर बोलायला मिळालं तर माणसाचं सोनं होईल. नाहीतर आमचं घर! तिथे एक पुस्तक आहे, तेही पिठाच्या डब्याखाली, डबा डुगडुगू नये म्हणून. संकल्प : तपासणीच्या दिवशी पावणेतीनवाल्या बाईंना ‘उत्कृष्ट वाचक’ प्रमाणपत्र. आजच छापायला टाकलं, नावाची जागा कोरी.

सोमवार, २७ नोव्हेंबर
कार्डधारक एकूण चार. भागवत, दुसरे दोन पेपरवाले आणि मी. महिला शून्य. सुरुवात म्हणून रुख्मिणीला म्हटलं, तू तरी नाव दे, वाचलं नाही तरी चालेल. तिनं ताट पुढे सारलं. भाजी खारट होती. हल्ली रोजच असते. तिला काय झालंय कळत नाही. विचारायला वेळ नाही, ७१२ पुस्तकं टाइप झाली.

शनिवार, २ डिसेंबर
उकंडरावांचा कापूस वाचनकक्षात आला. भाव पडलेत, घरात जागा उरली नाही. म्हणाले, आठ दिवसांची गोष्ट आहे, भाव चढला की उचलतो. अध्यक्षांना नाही कसं म्हणणार? बीटीचा आहे, म्हणजे हेही एक आधुनिक तंत्रज्ञानच. शिवाय कापूस आवाज करत नाही. पेपरवाले त्यावर झोपतात.

अंगाला खाज.

सोमवार, ११ डिसेंबर, दुपारी ३
कॉम्प्युटर बंद. धूर निघाला. मोबाइल दुरुस्त करणाऱ्या फहीमला बोलावलं. त्यानं मागचं झाकण काढलं आणि आतून कापूस ओढू लागला. ओढतच राहिला. पंख्यानं नऊ दिवस सगळी रुई आत खेचली होती. त्याच रुईचा एक पेळू वळून माझ्या हातात दिला. म्हणाला, हार्डडिस्क जळली भाऊ, गेली सारी नोंद. बॅकअप घेतला होता काय? सांगितलं, ते पुढच्या महिन्याच्या नियोजनात आहे.

१,१४० पुस्तकं. मी कापसावर जाऊन बसलो.

गुरुवार, ४ जानेवारी २००७
पत्र. तपासणी १२ तारखेला. फुटाणेवाल्याकडे धावलो, रजिस्टरं खपली म्हणाला. दया येऊन एक पुडी फुकट दिली. उलगडली तर त्यावर माझंच अक्षर : पावणेतीन, हिरव्या, भूतवालं परत.

मंगळवार, ९ जानेवारी
ताहेराबीच्या दारात गेलो. धोरणात किंचित लवचिकता हवी, असं बोलायचं ठरवलं होतं. प्रत्यक्षात म्हणालो, ताहेराबी, वाचनालय बुडते वो. तिनं पाणी दिलं. मग डोळे मिटून सांगायला लागली, कोणाकडे कोणतं पुस्तक अडकलंय ते. त्रेचाळीस बायका, एकही चूक नाही. मी म्हटलं, नावं पाहिजेत. ती म्हणाली, बायकांले इचारल्याबिगर नावं देत नाही.

गुरुवार, ११ जानेवारी
बेचाळीस जणी हो म्हणाल्या. नावं लिहून घेतली. एकच नाही म्हणाली. पावणेतीन!

असं काऊन, मी विचारलं. ताहेराबी बांगड्या पुसत म्हणाली, ते म्हणते, त्या माणसाच्या रजिस्टरात माहं नाव नको. कोणत्या माणसाच्या? तुमच्याच, भाऊ.

एवढ्या थोर वाचकाचं मी काय वाकडं केलं?

शुक्रवार, १२ जानेवारी
तपासणीचे साहेब आले. खुर्च्या कापसाखाली, म्हणून कापसावरच बसले. यादी पाहिली आणि म्हणाले, अशी नावं मीही लिहीन, वाचक दाखवा. मी फहीमनं दिलेला पेळू हातात धरून उभा.

तेवढ्यात ताहेराबी दारात. मागे बायका, प्रत्येकीच्या हातात एक पुस्तक. पेपरवाले उठून बाहेर गेले, त्यांना सांगावंही लागलं नाही. साहेब एकेकीला विचारत गेले, बायका उत्तरं देत गेल्या. सगळ्यात शेवटी एक पदर घेतलेली बाई आली, मनगटात हिरव्या बांगड्या, हातात तीन पुस्तकं, एकाला पीठ लागलेलं. साहेबांनी नाव विचारलं. म्हणाली, रुख्मिणी शालिग्राम. शालिग्राम म्हणजे मी. साहेबांनी यादी वरून खाली पाहिली, म्हणाले, नाव दिसत नाही. ती म्हणाली, लिहा आता.

मान्यता राहिली. शेऱ्यात साहेबांनी लिहिलं : टोपली चालू ठेवावी. ग्रंथपालांविषयी काही लिहिलं नाही.

घरी विचारलं, अकरा वर्षं सांगितलं का नाही? म्हणाली, तुमी कधी इचारलं? अन् तुमच्या हातून पुस्तक घेतलं असतं तं आधी तुमी ते पाऊण तास समजावून सांगतलं असतं. मग पीठवालं पुढे केलं. म्हणाली, याचा शेवट मले पटला नाही, तुमाले कसा वाटला?

मी ते वाचलेलं नाही. वाचनालयातलं एकही वाचलेलं नाही. कामातून वेळ कुठे होता?

प्रमाणपत्र दिलं. तिनं ते पिठाच्या डब्याखाली सारलं, कारण डबा आता डुगडुगत होता. पुस्तक माझ्याकडे आहे. ताहेराबीनं सोमवारपर्यंत मुदत दिली आहे. मी पान चारवर आहे.