मागच्या दाराची किल्ली

४ फेब्रुवारी

हॉटेलच्या मागच्या दाराला कुलूप घातलं. तेलाचा डबा परत हलका लागला. चोर कोण ते सांगायला ज्योतिषी नको — भांड्यांची मोरी त्या दाराला लागून, आणि मोरीवर दिवसभर आमची धाकटी जाऊ. दीर गेल्यापासून आमच्याच अन्नावर आहे. किल्ली वर घरी, देव्हाऱ्यात ठेवली. तिथे हात घालायची कुणाची छाती आहे?

११ फेब्रुवारी

विम्याचा माणूस येऊन गेला. भट्टीवरच्या चिमणीतल्या तेलकट काजळीत बोट फिरवून म्हणाला, "बाई, ही चिमणी नाही, वात आहे. साफ करून घ्या." मग कोयंड्यातलं कुलूप दिसलं. "धंदा चालू असताना हे लावू नका. आग लागली नि दार बंद निघालं, तर विम्याची आशा सोडा."

हो हो म्हटलं. चहा पाजला. तो कोपऱ्यावर वळला तसं कुलूप परत लावलं. चिमणी पुढे बघू. साफ करणाऱ्यांचे भाव ऐकूनच चटका बसतो.

जाऊ म्हणाली, "ताई, आग लागली तर मी कुठून निघू?"

म्हटलं, "तुझ्यासाठी कोण आग लावतंय?" आचारीसुद्धा हसला.

१२ फेब्रुवारी

तेल पुरलं. कुलपाचा गुण.

२ मार्च

नीट लिहिते. सकाळी कडी लावून जपाला बसले होते. ह्यांनी दार बडवलं — "किल्ली दे!" नेहमीचाच आरडाओरडा वाटला. जपात मी बोलत नाही; नुसतं 'हुं' केलं, म्हणजे थांबा. मग 'आग' ऐकू आलं. कढईतला भडका चिमणीत गेला होता. आचारी पुढून पळाला, जाऊ मोरीपाशी अडकली.

थोडेच मणी राहिले होते. मेरुमणी आल्याशिवाय मी माळ खाली ठेवत नाही, घरात सगळ्यांना ठाऊक आहे. देवाचं नाव अर्ध्यावर टाकून कुणाचं भलं झालंय? माळ पुरी केली, मग किल्ली दिली.

तिचे हात आणि मान भाजली. जीव वाचला. जपाचंच फळ.

५ मार्च

सगळं आता तिच्या जबाबावर. कुलूप होतं म्हणाली की हॉटेल गेलं. इस्पितळात फळं घेऊन गेले, डागी होती म्हणून स्वस्त पडली. "दार उघडंच होतं, हो ना गं?"

ती म्हणाली, "तुम्ही म्हणाल तसं, ताई. फक्त भाऊजींशी एकटीनं बोलायचंय."

मी बाहेर थांबले.

२० एप्रिल

विमा मंजूर. देव आहे.

६ मे

हॉटेल परत उघडलं. मागे नवं दार, नवं कुलूप. गल्ल्यावर आमची धाकटी जाऊ. मला म्हणाली, "ताई, मोरीवर आता तुम्ही. तेलाकडेही लक्ष राहील." किल्ली तिनं स्वतःच्या गळ्यात अडकवली.

कुलूप लागलं तशी मी ह्यांना हाक मारली.

हे पुढून, गल्ल्याजवळूनच 'हुं' म्हणाले.