देवाला घातलेली मुदत

समर्थनगर,
छत्रपती संभाजीनगर
२ जानेवारी २०२६

चि. हिमांशू यास,

अनेक आशीर्वाद. सईलाही सांग. नवं वर्ष तुम्हां दोघांना सुखाचं जावो.

इकडे थंडी चांगलीच पडली आहे. तू पाठवलेले लोकरीचे मोजे बाबांना बरोबर बसले. नळाला पाणी अजूनही आठवड्यातून एकदाच येतं. त्या दिवशी माझी धावपळ होते, बाकीचे दिवस लांबच लांब असतात. तुमच्याकडे बर्फ पडतोय ना? गार काही पिऊ नका.

पत्र बघून तुला नवल वाटेल. रोज फोन होतो, मग कागद कशाला? पण फोनवर तू विचारतोस, मी उत्तरं देते, आणि तुझे प्रश्न संपले की फोन संपतो. तू न विचारलेलं सांगायला मला कागद बरा वाटतो.

तू पाठवलेला बाबांच्या बोलण्याच्या सरावाचा नव्या वर्षाचा तक्ता मिळाला. गुलमंडीवरच्या दुकानातून मोठा छापून आणला. मार्चपर्यंत घरातल्यांची नावं, जूनपर्यंत छोटी वाक्यं, गणपतीपर्यंत तुझ्याशी फोनवर बोलणं. रंग छान दिले आहेस.

परवा, वर्षाच्या शेवटच्या दिवशी, मी बाबांना चित्रांचे पत्ते घेऊन बसवलं. जुन्या तक्त्यातलं काही राहायला नको, असं माझ्याच डोक्यात बसलं होतं. कप दाखवला. "बरं का," म्हणाले. तेवढे दोनच शब्द उरलेत ना त्यांच्याकडे. छत्री दाखवली. "बरं का." मी म्हटलं, "अहो, नीट बघा ना. छ... छ..." त्यांनी डाव्या हातानं सगळे पत्ते ढकलून दिले आणि रडायला लागले. आवाज न करता. तीस वर्षं खंडपीठात ज्यांचं बोलणं ऐकायला नवे वकील मागच्या बाकांवर येऊन बसायचे, ते माझ्यासमोर एका छत्रीसाठी रडत होते. मी पत्ते गोळा करत राहिले.

खरं सांगू? या घरात आता फार शांत असतं रे. दीड वर्षापूर्वी बाबांना अर्धांगाचा झटका आला, तेव्हा पहिले काही महिने कोर्टातली मंडळी यायची. त्यांच्याशी बोलायचं काय, हे कळेना, मग हळूहळू थांबली. दिवसभरात बाहेरचा आवाज म्हणजे सकाळी कचऱ्याच्या गाडीवरचं गाणं. ती गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत मी फाटकात उभी असते. घरात दोघांचंही मीच बोलते. "भाजी काय करू? मेथी करू? बरं, मेथी करते."

काल सकाळी मात्र बिडकीनचे काकासाहेब आले. बाबांनी त्यांची जमिनीची केस लढवली होती, ते. पिशवीभर हुरडा घेऊन आले. मी दारातच सांगितलं, "त्यांना बोलता येत नाही हो." ते म्हणाले, "असू द्या वहिनी. म्या हाय की बोलायला."

आणि बसले की खरंच! गहू कसा आलाय, शेजारची जमीन कारखान्यात कशी गेली, नातीनं दुचाकी कशी विहिरीजवळच्या खड्ड्यात घातली. बाबा म्हणायचे, "बरं का?" की हे म्हणायचे, "व्हय तर! लई हट्टी पोर!" बाबा हसले, हिमांशू. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मी चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले. काकासाहेबांनी तासाभरात त्यांना एकदाही काही म्हणून दाखवायला सांगितलं नव्हतं. दीड वर्षात मी सांगितल्याशिवाय एक दिवस गेला नव्हता.

ते गेल्यावर घर पुन्हा गप्प झालं. तिन्हीसांजेला देवापाशी दिवा लावला आणि मला एकदम माझीच शरम वाटली. मी खडकेश्वराच्या महादेवाला बोलले होते, दिवाळीपर्यंत एक वाक्य येऊ दे, अभिषेक करीन. दिवाळी गेली. मग म्हटलं, बरं, वर्ष संपेपर्यंत तरी. म्हणजे देवालाही मी मुदत घालून दिली होती, आणि वर ती वाढवूनही देत होते. तुझा तक्ता आणि माझा नवस यांत फरक काय रे?

मी हात जोडले आणि म्हटलं, "महादेवा, आता तारीख नाही. हे जसे आहेत तसे तुझ्या ओटीत घालते. माझ्यानं होईल तेवढी सेवा करीन. पुढचं तुझं तू बघ." आणि रोजचं स्तोत्र म्हणायला लागले.

दुसऱ्या ओळीला मागून आवाज आला.

बाबा म्हणत होते. शब्द जरा जड, पण एकामागून एक, सगळे. मी मागे वळून बघितलं नाही. मी थांबले तर तेही थांबतील, अशी भीती वाटली. दोघांनी मिळून शेवटपर्यंत म्हटलं. इतक्या दिवसांनी या घरात दोन आवाज होते. संपल्यावर ते माझ्याकडे बघून म्हणाले, "बरं का." मी म्हटलं, "हो, बरं."

आता तू आनंदशील आणि लगेच विचारशील, मग नाव घेतलं का माझं? म्हणून दिवाळीपासून टाळत आलेलं आज लिहिते. तेव्हाच डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले होते, "काकू, यायचं ते बहुतेक आलंय. जन्मभर म्हटलेलं पाठांतर कधी कधी आपोआप येतं, पण ती सुधारणा समजू नका. आता त्यांना आनंदात ठेवा." तुला सांगायचं धैर्य झालं नाही. तू इतक्या उमेदीनं रंग भरत होतास.

बाबा तुझं नाव घेणार नाहीत, बाळा. भाऊबीजेला तू व्हिडिओवर "म्हणा ना, हि... हि..." करत होतास आणि त्यांनी तोंड फिरवलं, तेव्हा तुला वाटलं, परदेशी गेल्याचा राग अजून आहे. तू घाईनं फोन ठेवलास. त्यानंतर ते किती तरी वेळ बंद फोनवरून बोटं फिरवत होते. त्यांना राग नव्हता आला. लाज वाटत होती.

तक्ता मी लावलेला नाही. नवा करूही नकोस. व्यायाम चालू ठेवीन, पत्ते मात्र कपाटात टाकले. मला अजून भीती वाटते, एकटंही वाटतं. ते काही एका दिवसात गेलं नाही. पण रात्री झोप लागली.

जमेल तेव्हा ये. काही ठरवून येऊ नकोस, त्यांच्याजवळ नुसता बस. तुला काय बोलावं सुचलं नाही तर त्या दुचाकीची गोष्ट त्यांना पुन्हा सांग, ते हसतील.

पत्र लिहिते आहे आणि ते शेजारी उन्हात बसलेत. त्यांचा निरोप काय लिहू, असं आज मी विचारलं नाही. तू त्यांचा आहेस, एवढं त्यांना ठाऊक आहे. ते म्हणून दाखवायला नको.

वाट बघणारी, पण कसलीही तारीख न घालणारी,
तुझी आई