क्लिफ्टनने केलेला आईचा सौदा

लुईव्हिल,
ईस्टरच्या आधीचा गुरुवार

प्रिय ओडेसाताईस,

धाकट्या बहिणीचा, म्हणजे व्हर्नेलचा, नमस्कार. तू, एल्वूडभाऊजी आणि भाऊजींचा गुडघा, तिघेही खुशाल असाल अशी आशा करते. (गेल्या पत्रात गुडघ्याबद्दल जेवढं लिहिलं होतंस तेवढं भाऊजींबद्दल नव्हतं, म्हणून त्याची वेगळी चौकशी.) इकडे देवाच्या दयेने सगळे धडधाकट आहेत. आई उत्तम आहे. आईचा कुत्रा डीकन तिच्याहून उत्तम आहे. माझं विचारशील, तर मीही आहे.

ईस्टरनंतरच्या सोमवारी तू गाडी घेऊन येणार आणि ठरल्याप्रमाणे आईला माँटगमेरीला परत नेणार, असं लिहिलंयस. जरूर ये. ठरलं म्हणजे ठरलं. नोव्हेंबरात माझ्या नवऱ्याने तुझ्याशी जो ऐतिहासिक करार केला, त्यात आमच्या बाजूचं कलम हे एवढंच होतं. ते तरी पाळलं जावं, नाहीतर लोक म्हणतील की क्लिफ्टनच्या आयुष्यातला एकही सौदा म्हणून त्याच्या पदरात पडला नाही.

लोक तसं म्हणतातच म्हणा. ताई, तुम्ही तिकडे चर्चमध्ये 'आमचा मेहुणा बास्केटबॉलच्या मोठ्या संघाचा जनरल मॅनेजर आहे' असं मिरवता, ते खुशाल मिरवा. लांबून तो दिसतोही बरा. पण हे काम काय असतं हे एकदा समजून घे. आपला खेळाडू द्यायचा, दुसऱ्याचा घ्यायचा, आणि समोरच्याला आपणच जिंकलो असं वाटू द्यायचं. क्लिफ्टनच्या बाबतीत समोरच्याला तसं वाटू द्यावं लागत नाही. तो खरोखरच जिंकलेला असतो. इथले पेपरवाले प्रत्येक अदलाबदलीला शाळेसारखे गुण देतात. आमचे साहेब त्या परीक्षेत पास झाले ते या हिवाळ्यापर्यंत एकदाच, आणि दुसऱ्या दिवशी पेपराने छपाईची चूक झाल्याचं कळवून दिलगिरी व्यक्त केली. न्हाव्याच्या दुकानात खुर्चीत बसला की न्हावी वस्तरा हातात घेऊन विचारतो, "साहेब, ही माझी मोडकी खुर्ची घ्या आणि तुमची गाडी देऊन टाका. जमतंय का बघा." आणि क्लिफ्टन (हे मी शपथेवर सांगते) क्षणभर विचार करतो.

त्याचा खरा रोग मला माहीत आहे. त्याला शांतता सोसत नाही. समोरचा माणूस विचार करायला म्हणून जरा गप्प बसला की याला वाटतं आपलं काहीतरी कमी पडलं, आणि कुणी मागितलेलं नसताना हा आपली बोली स्वतःच वाढवतो. मग पुन्हा शांतता, पुन्हा वाढ. लिलावात बोली लावणारा एकटाच आणि तोही स्वतःच्याच विरुद्ध, असा देखावा मी या घरात वर्षानुवर्षं पाहत आले आहे. त्यातून समोरच्याने बायकोच्या आजारपणाचं वगैरे काढलं की संपलंच. मागे एकदा आमचं गवत कापायचं जुनं यंत्र विकायला शेजारी गेला, तर आमचं त्याला देऊन वर त्याचं बिघडलेलंही दुरुस्त करून द्यायला घेऊन आला. ते अजून गॅरेजात आहे.

तरी या माणसाला मी तुझ्याकडे पाठवलं, ही माझीच अक्कल. नोव्हेंबरात तुझं म्हणणं होतं की आईचं करून तू थकलीस, हिवाळाभर आम्ही तिला ठेवावं. माझं म्हणणं होतं की ऑक्टोबर ते एप्रिल आमच्या घरी सामन्यांची धामधूम, तिला उन्हाळ्यात दोन महिने आणू. मी त्याला गाडीत बसवून सगळं पढवलं. आधी बोलायचं नाही. उन्हाळ्यावर अडून बसायचं. आणि मुख्य म्हणजे ताईच्या घरी काही खायचं नाही. तू त्याला दारातच पीच घालून भाजलेलं ते तुझं गोड, गरम कॉबलर दिलंस. बस्स! दुसऱ्या वाडग्याला त्याने हिवाळा दिला, तिसऱ्याला कुत्रा पत्करला, आणि तू भांडी घासायला उठलीस तेवढ्या शांततेत त्याने आईचा फ्रीजर, त्यातल्या भाजीपाल्यासकट, स्वतःहून मागून घेतला. परत आला तेव्हा पुढच्या सीटवर आई, मागे डीकन, टपावर फ्रीजर, आणि उरलेल्या जागेत आईच्या चर्चच्या टोप्यांचे ते गोल डबे. मी दारात उभी. साहेब उतरून म्हणतात, "व्हर्नेल, ताई फार कठीण बाई आहे. पण ईस्टरनंतर परत नेण्याचं मी तिच्याकडून कबूल करून घेतलं." कर्तृत्ववान माणूस!

त्यानंतरच्या हिवाळ्याचं काय सांगू? टोप्या क्लिफ्टनच्या अभ्यासिकेत गेल्या, त्यामुळे तो स्वयंपाकघरात आला, त्यामुळे मी हद्दपार झाले. आईने हीटर असा वाढवला की बाहेर बर्फ आणि घरात आम्ही बनियनवर. प्रत्येक सामना ती टीव्हीसमोर बसून पाहते आणि पंचांच्या आईबापांचा उद्धार करते. (चर्चमध्ये हिला अजून साध्वी समजतात ना?) त्यात तिने रविवारी खेळाडूंना जेवायला बोलवायला सुरुवात केली. सात फुटी पोरं माझ्या खुर्च्यांवर बसून कॉलर्डची भाजी आणि मॅकरोनी ओरपताहेत आणि ही त्यांना 'बारीक झालास' म्हणून आणखी वाढते आहे. पुढे क्लिफ्टनने त्यांच्यातल्या एकाला दुसऱ्या संघाकडे पाठवायचं नुसतं मनात आणलं, तर आईने हातातला डाव खाली ठेवला. "ज्याला आपल्या हाताने वाढलं, त्याला विकायचं? तुझ्या घरी अशी रीत असेल, पोरा. आमच्यात नाही." तेव्हापासून जो आमच्या टेबलाशी जेवला तो अदलाबदलीतून बाद. जानेवारीअखेर निम्मा संघ जेवून गेला होता.

आता फेब्रुवारीचं ऐक, कारण पेपरांत तू जे वाचलंस ते सगळं खोटं आहे. फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी दुपारी तीनला अदलाबदलीचं दार बंद होतं. त्यानंतर मोसम संपेपर्यंत जो तुमचा तो तुमचा. आमच्या साहेबांनी टल्साच्या संघाशी सूत जमवलं होतं. आपला जेव्हॉन (बावीस वर्षांचा, विजेसारखा, आणि आईच्या टेबलाशी अजून न जेवलेला) द्यायचा आणि त्यांचा चौतिशीचा, गुडघे दुखणारा सेंटर, म्हणजे बास्केटखाली उभा राहणारा तो उंच गडी, घ्यायचा. भाऊजींना मोसमाच्या मधूनच संघात घेतल्यासारखं समज. टल्साचा जनरल मॅनेजर लॅमॉन्ट गेन्स सकाळी फोनवर जरा खोकला, तर त्या शांततेत क्लिफ्टनने पुढच्या वर्षीच्या नव्या पोरांतून पहिली निवड करायचा आपला हक्कही वर घातला! फक्त शेवटचा होकार राहिला होता. तो गेन्स दुपारी फोन करून देणार होता.

त्या दिवशी गावभर बर्फाचा पातळ थर, रस्ते बंद, म्हणून साहेबांचं ऑफिस आमच्या स्वयंपाकघरात. अडीचच्या सुमाराला आईने मागचं दार उघडलं ('जरा हवा येऊ दे' म्हणे, हीटर तिनेच वाढवलेला) आणि डीकन सुटला. आमचे जनरल मॅनेजर सपाता घालून त्याच्यामागे. फोन टेबलावर. तो वाजला आणि आईने उचलला.

तुला आईची सवय माहीत आहे. कुणीही भेटो, पहिला प्रश्न, "तुझी माणसं कुठली?" गेन्स म्हणाला, मी टल्साहून बोलतोय, जरा घाईत आहे. आई म्हणाली, "टल्साचं राहू दे. तिथे तू नोकरीला आहेस. तुझी माणसं कुठली?" बिचारा! आजी आपल्याच अलाबामाची, माँटगमेरीला लागून असलेल्या लाउंड्स परगण्यातली, हे त्याच्या तोंडून निघालं आणि तिथेच तो अडकला. कुठलं चर्च, कुठला पाद्री, आजी गाण्यात वरच्या सुरात होती की खालच्या, तिचा दुसरा नवरा तो दात पडलेला की त्याचा भाऊ? मी मधूनमधून खुणा करत होते. आईने मला हाताने गप्प केलं. आणि ताई, तो पलीकडचा मुरब्बी सौदेबाज, ज्याच्यापुढे अख्खी लीग चळाचळा कापते, तो 'हो मावशी, नाही मावशी' करत होता. आईला 'जरा थांबा, मला काम आहे' म्हणण्याची कुणाची छाती आहे? तुझी आहे? क्लिफ्टन कुत्र्याला काखेत घेऊन, एका पायात सपात नसलेला, आत आला तेव्हा तीन वाजून गेले होते आणि आई गेन्सला त्याच्या आजीच्या हातच्या पोर्क पाईची पाककृती सांगत होती.

आईला नंतर विचारलं, तर म्हणाली, मला त्या खुर्चीतून घड्याळ कुठे दिसतं? घड्याळ चुलीच्या वर आहे. त्या खुर्चीतून दुसरं काही दिसतच नाही.

पुढचं सगळं तू वाचलंच असशील. त्यांच्या सेंटरचा गुडघा पंधरवड्यात कायमचा गेला. जेव्हॉन असा पेटला की आमचा संघ कितीतरी वर्षांनी बाद फेरीत पोचला. आणि जाणकारांनी लिहिलं की लुईव्हिलच्या जनरल मॅनेजरने शेवटच्या अर्ध्या तासात टल्साला झुलवत ठेवलं, पापणी लवू दिली नाही, पोलादाच्या नसांचा माणूस! ज्या एका सौद्याच्या वेळी हा गृहस्थ फोनच्या आसपासही नव्हता, त्यालाच त्याच्या जन्मातले पहिले पैकीच्या पैकी गुण. मालकांनी करार तीन वर्षांनी वाढवून दिला. मुलाखतीत साहेब सांगतात, "वाटाघाटीत संयम महत्त्वाचा." मी शेजारी बसून हसरा चेहरा केला. न्हाव्याने त्या आठवड्यात त्याची दाढी फुकट केली, आणि याने बक्षिशी म्हणून दाढीच्या दुप्पट दिले.

तर असा हा हिवाळा. सुटले म्हणायचं. सोमवारी ये. सामान, कुत्रा, टोप्या सगळं दाराशी ठेवते. फ्रीजर उतरवायला भाऊजींना आण, गुडघा आला तर गुडघ्यासह.

तुझी त्रासलेली बहीण,
व्हर्नेल

ता. क. सोमवारचं तसं काही अगदी नडलेलं नाही. तू थकलेली असशील, तर आईला आणखी थोडे दिवस, मे अखेरपर्यंत म्हण, ठेवून घ्यायला माझी हरकत नाही. त्या बदल्यात समुद्रावरचं आमचं घर या उन्हाळ्यात आठवडाभर तुम्ही वापरा.

दुसरा ता. क. आठवडा कमी वाटत असेल, तर महिना वापरा. आणि आजीचा चांदीचा चहाचा सेट तुला हवा होता ना, तो घेऊन जा. पुढचे दोन्ही नाताळ आम्ही तुमच्याकडे येऊ, स्वयंपाक मी करीन. ताई, खरं सांगते. शनिवारी संध्याकाळी आई मला खाली जमिनीवर बसवते, दोन गुडघ्यांच्या मध्ये, आणि कंगव्याने भांग पाडून डोक्याला तेल लावते. पन्नाशी उलटलेल्या बाईला! केस ओढते, 'हलू नकोस' म्हणून कंगवा डोक्यात मारते. अठराव्या वर्षी घर सोडल्यापासून मला कुणी असं धरून बसवलं नव्हतं. मला ती जायला नको आहे. तुला तिची कितीतरी वर्षं मिळाली, मला एकच हिवाळा मिळाला.

तिसरा ता. क. क्लिफ्टनने खांद्यावरून हे सगळं वाचलं. म्हणाला, "व्हर्नेल, समोरून एक शब्द यायच्या आत तू दोनदा बोली वाढवलीस आणि वर तुला काय हवंय तेही सांगून टाकलंस. माझी नोकरी गेली असती." मी त्याला खोलीबाहेर काढलं. चहाच्या सेटबरोबरचा मोठा ट्रेही घे.

शेवटचा ता. क. आईने विचारलं, कुणाला एवढं लिहिते आहेस? मी सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुम्ही दोघी बहिणींनी माझी देवघेव छान चालवलीय. मला विचारलं का कुणी?" मग म्हणाली की आपल्या वडिलांच्या थडग्यावरचं गवत ती येताना काढून आली होती, तिच्यामागे ते कुणी पाहिलं नसणार, आणि इतके दिवस ते एकटे कधी राहिले नाहीत. तिला सोमवारी जायचं आहे. तिची बॅग केव्हाच भरलेली आहे. पलंगाखाली होती, मला दिसली नाही. मी रडले तर म्हणाली, "रडायचं असेल तर खाली बस, तेवढ्यात तेल लावून होईल." आज गुरुवार असूनही लावलं.

तेव्हा वरचं सगळं राहू दे, ताई. सेट तसाही घे, ट्रेही घे. फक्त तेवढं सोमवारचं मंगळवारी कर. मंगळवारी दुपारी आलीस तरी चालेल.